पावलांचे डॉक्टर

अमरावतीत कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांत रस्त्यात भेटलेला माणूस आधी "आज भाव काय?" असे विचारी आणि उत्तर मिळाले की मगच "घरचे बरे आहेत ना?" म्हणे. डॉक्टर आनंदराव इंगोले या दोन्हींपैकी काहीच विचारत नसत. ते समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता पायांकडे पाहत आणि म्हणत, "टाच टेकते ना?"

नवखा माणूस गोंधळे. जुना माणूस टाच जमिनीवर आपटून दाखवी आणि पुढे चालू लागे. मामलेदार असो, भिक्षुक असो, दलाल असो, या प्रश्नातून कोणाला सूट नव्हती. एकदा दवाखाना तपासायला आलेल्या गोऱ्या साहेबालाही त्यांनी इंग्रजीत हेच विचारले. साहेबाने बूट काढायला नकार दिला. "मग आपल्याविषयी मत देता येत नाही," असे म्हणून डॉक्टर पुढच्या रोग्याकडे वळले.

गावाने त्यांचे नाव 'पावलांचे डॉक्टर' ठेवले होते. त्यांना ते आवडत नसे. "मी कण्याचा डॉक्टर आहे," ते म्हणत. "पाऊल म्हणजे नुसतं कण्याचं हस्ताक्षर."

ते मूळचे भातकुलीचे, शेतकऱ्याच्या घरचे. मुंबईला जाऊन वैद्यकी शिकले आणि सरकारी दवाखान्यात नेमले जाऊन परत वऱ्हाडात आले. त्यामुळे त्यांच्या तोंडात दोन भाषा होत्या. शांत असले की मुंबईत कमावलेली स्वच्छ मराठी बोलत. राग आला की भातकुली बाहेर पडे. रोग्याला त्यांनी "तुम्ही" ऐवजी "अबे" म्हटले की समजावे, रोगी बरा होण्यासारखा आहे आणि औषध चुकवतो आहे. ज्याच्याशी ते फारच सभ्य, शुद्ध बोलू लागत, त्याच्या घरच्यांनी डोळ्याला पदर लावावा.

मी त्या वेळी एका शाळेत मास्तर होतो आणि उरलेल्या वेळात जगाची सुधारणा करीत असे. दारूवर, बालविवाहावर, सावकारीवर पत्रके लिहायची, शिळाछापावर छापून घ्यायची आणि बाजारात वाटायची, हा माझा उद्योग. डॉक्टरांनी माझे एक पत्रक वाचून मला बोलावून घेतले होते. "यात नराधम हा शब्द किती वेळा आला आहे हे तुम्ही मोजलं आहे का?" हे त्यांचे माझ्याशी पहिले वाक्य.

दवाखान्याच्या लांब ओसरीवर त्यांनी काळ्या मातीचा एक पट्टा करून घेतला होता. माती चाळलेली, पाणी शिंपडून ओली ठेवलेली, फळीने सपाट केलेली. पायांची तक्रार घेऊन येणाऱ्याने आधी त्यावरून चालून जायचे. मग डॉक्टर जमिनीला नाक लावून पावले पाहत, आणि त्यातले हवे ते ठसे कागद अलगद दाबून उचलून घेत. कागद दाबताना त्यांची जीभ दातांत येई. आजारी माणूस बाजूला ताटकळत उभा राही. "अहो, पाय इथं आहेत," असे एकाने म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले, "तुमचे पाय तुमची बाजू घेतील. मातीला कोणाची बाजू घ्यायची सवय नाही."

कापसाच्या तेजीबरोबर वऱ्हाडात एक विकार वाढला होता. धडधाकट माणसाचे पाय आधी जड होत, मग ताठत, मग कात्रीसारखे एकमेकांवर चढत. टाच उचलली जाई ती पुन्हा खाली येत नसे. माणूस काठी घेऊन चवड्यांवर चाले, पुढे दोन काठ्या घेई, पुढे बसून सरपटे. ताप नाही, दुखणे नाही, पाय वाळतही नसत. लोक म्हणत वात आहे. काही म्हणत, कोणी करणी केली.

डॉक्टर म्हणत, पायाला काहीच झालेले नाही. पायाकडे हुकूम पोचत नाही. नव्याच आलेल्या तारेवरून ते हे समजावत. "मुंबईचा भाव इथं कसा येतो? तारेनं. तार मध्येच गंजली तर इथला माणूस निरोगी, मुंबईचा माणूस निरोगी, आणि व्यवहार बंद. ही तार कण्यात आहे. लाखेनं ती गंजते."

लाख ही डाळ आहे. तुरीसारखी शिजते, चवीला वाईट नाही. पूर्वी वऱ्हाडात ती जनावरांना घालत आणि अडीअडचणीला गरीब खात. पण अमेरिकेत लढाई सुरू झाली, तिकडचा कापूस बंद पडला आणि विलायतेने वऱ्हाडाकडे हात पसरला. ज्याच्या त्याच्या काळ्या जमिनीत कापूस उभा राहिला. ज्वारी महाग झाली. कापसाच्या वखारींत मजुरी धान्यात देण्याची चाल होती. मालकांनी चाल मोडली नाही, आपण परंपरेचे पक्के. त्यांनी फक्त ज्वारीच्या जागी पूर्वेकडून गाड्या भरून आणलेली लाख मापली. ज्या देशात पैसा नाल्याच्या पाण्यासारखा वाहत होता त्या देशात मजूर जनावराचे खाद्य खाऊन लंगडा होत होता. (या वाक्यावर डॉक्टर म्हणाले असते, "उत्तम. आता ते खोडा.")

या विकाराचा, मातीच्या पट्ट्यावरून चालत गेलेला पहिला रोगी करीमभाई पिंजारी. त्याची कथा म्हणजे त्या तेजीचा खरा हिशेब होता. गावात कापूस इतका झाला की पिंजायला चिमूटभर उरला नाही. सारा गाठी बांधून जहाजावर. पिंजारी धनुकली खुंटीला टांगून वखारीत रेचा फिरवायला गेला, आणि कापसातली सरकी काढून द्यायच्या त्या कामाबद्दल रोज लाख घेऊन घरी आला. दोन हंगामांत पाय गेले. जीभ मात्र पूर्ववत होती.

"डाक्टरसाब," तो पट्ट्यावरून उतरताना म्हणाला, "माती खराब केली तुमची."

"उलट, अशी शोभा तिला कधी आली नव्हती," डॉक्टर म्हणाले. पावलांची एकही टाच उमटली नव्हती. नुसते चवडे, एकापुढे एक, एकमेकांना कापणारे. जणू माणूस नव्हे, एखादा पक्षी चालून गेला होता.

डॉक्टर इतक्या शुद्ध मराठीत बोलले तेव्हाच मी समजलो.

या विकारावर त्यांनी इंग्रजीत निबंध लिहिला. त्याचे दोन भाग होते. पहिल्यात रोग, पावलांचे ठसे, आणि बिघाड पायात नसून कण्यातल्या मज्जेत आहे याचा पुरावा. दुसऱ्यात लाख, वखारी, मजुरी, आणि ही मजुरी कायद्याने बंद करावी अशी मागणी. कलकत्त्याच्या एका वैद्यकीय मासिकाने तो छापला. म्हणजे पहिला भाग छापला. दुसऱ्याबद्दल संपादकांनी कळवले की हा मजकूर व्यापारविषयक असल्यामुळे वैद्यकाच्या नियतकालिकात अप्रस्तुत होय.

अर्ध्या निबंधाचे पुढे फार कौतुक झाले. ठशांचे चित्र विलायतेतल्या मासिकाने उचलले. तिथून ते जर्मनीला गेले. तिथल्या एका प्राध्यापकाने मज्जेवरच्या आपल्या ग्रंथात ते पानभर छापले आणि अशा चालीला स्वतःचे नाव दिले. ग्रंथातले ते पान कोणी ओळखीच्या साहेबाने डॉक्टरांना पाठवले. मी संतापलो. डॉक्टर ते पान घेऊन करीमभाईच्या घरी गेले.

"हे पाहा, तुमचं पाऊल."

करीमभाईने पान उलटसुलट केले. "व्हय, माह्यंच होय. अंगठा पाहा ना, धनुकलीच्या दोरीनं कापलेला. किती दूर गेलं म्हणता?"

"समुद्रापार."

"माह्यं पाऊल समुद्रापार गेलं अन् मी ओट्याच्या खाली नाई उतरत. जहाजाचं भाडं कोणं देल्लं पावलाचं?"

"कुणी तरी दिलं असेल."

"अन् हे खाली काय लिवलं?"

"या चालीचं नाव."

"माह्यं?"

"नाही."

"तुमचं?"

"नाही." मग डॉक्टर जे म्हणाले ते पुढे अमरावतीत म्हणीसारखे झाले: "चाल करीमची, कागद माझा, नाव त्यांचं."

विद्वत्तेचा खरा परिणाम मात्र जर्मनीत झाला नाही. तो झाला डॉक्टरांच्या मामांच्या वखारीत. बळीराम पाटील हे त्यांचे सख्खे मामा. यांनीच भाच्याला मुंबईला धाडले होते. तेजीत शेतीबरोबर कापसाचा व्यापार सुरू केला आणि अमरावतीतली सर्वांत मोठी वखार उभी केली. करीमभाई तिथेच रेचा फिरवीत होता. मामांना वाचता येत नव्हते, पण भाचा छापला गेला हे कळल्यावर त्यांनी ते मासिक मागून नेले, रेशमी फडक्यात गुंडाळले आणि येईल त्याला दाखवू लागले. खंडेनवमीला मी डॉक्टरांबरोबर वखारीत गेलो तर तराजू, कोयते आणि रेचे यांच्या रांगेत ते मासिक मांडलेले, त्यावर झेंडूचे फूल.

"मामा, हे काहून ठेवलं इथं?" डॉक्टर म्हणाले. भातकुली बाहेर आली होती.

"काहून म्हणजे? तुह्यं हत्यार होय ना थे. माह्या तराजू, तुह्या कागद. साऱ्यायची पूजा झाली पाह्यजे."

"त्याच्यात काय लिवलं हाय ठाव हाय काय तुमाले?"

"इंग्रजी लिवलं हाय. अन् माह्या भाच्याचं नाव हाय. अजून काय पाह्यजे बाप्पा?"

"तुमच्या वखारीतले माणसं हायेत त्याच्यात. लाख खाऊन पाय गेलेले."

मामा थांबले. हातातली कुंकवाची वाटी तशीच. "माह्या वखारीचं नाव हाय?"

"नाई. थे पान छापलं नाई त्यायनं."

"मंग झालं तं," मामा म्हणाले आणि मासिकाला हळदकुंकू लावले. "इतक्या मोठ्या साहेबाले जे लिवावं वाटलं नाई, थे तू काहून सांगून राहिला? अन् लाख तं माह्या आजानं खाल्ली. माह्ये बैल खातेत. बैलाले काई झालं काय?"

परत आल्यावर डॉक्टर दवाखान्याच्या पायरीवर म्हणाले, "मास्तर, तुमचा छापखाना मोकळा आहे का? हंगाम सुरू होण्याआधी मला ही मजुरी बंद झालेली हवी आहे. एकदा वेचणी लागली की पुढच्या होळीपर्यंत आणखी ओट्यावर बसणारे तयार होतील, आणि एकदा बसलेला माझ्या हातून उठत नाही."

मी रात्रभर जागून दोन पाने लिहिली. अशी पाने माझ्या हातून पुन्हा झाली नाहीत. त्यांत रक्त होते, शोषण होते, कुबेराचे सिंहासन होते. डॉक्टरांनी टाक घेतला आणि खोडायला सुरुवात केली. माझा प्राण जात होता. शेवटी उरले ते असे: लाख रोज खाल्ल्यास काही महिन्यांत पाय ताठतात. ताठलेले पाय पुन्हा सुटत नाहीत. नाइलाज असल्यास भिजवून, उकळून, पाणी टाकून, ज्वारीत मिसळून थोडी खावी. मजुरीत घेऊ नये.

"यात आग कुठं आहे?" मी विचारले.

"चुलीत असू द्या," डॉक्टर म्हणाले.

आम्ही पत्रक बाजारात वाटले, चावडीवर वाचून दाखवले. आणि जे घडले ते फक्त त्या वर्षांतल्या अमरावतीतच घडू शकत होते. त्या काळी बाजारात छापील कागद म्हणजे भावाचा कागद. दुसरे काही छापतात हे लोक विसरूनच गेले होते. दलालांनी आमचे पत्रक वाचले आणि त्यातून एवढेच घेतले की लाखेला आता उठाव राहणार नाही. दुसऱ्या दिवशी लाखेचा भाव कोसळला. लाख इतकी स्वस्त कधीच झाली नव्हती. बळीराम पाटलांनी पुढच्या सबंध हंगामाची एकदम खरेदी केली, मजुरांसाठी आणि बैलांसाठीही. आजवर बैलांच्या दाण्यात सरकी मुख्य आणि लाख मूठभर असे; आता सरकीही विकली जाऊ लागली आणि बैलांपुढे नुसती लाख आली. भाच्याला निरोप धाडला: तुह्या कागदानं लय फायदा झाला, जेवाले ये.

मी दलालांना, मामांना आणि एकूण मानवजातीला शिव्या दिल्या. डॉक्टर मात्र हसू लागले, अगदी खोकला येईपर्यंत. "जर्मनीतल्या ग्रंथाचा कोणावर काही परिणाम झाल्याचं मला माहीत नाही," ते म्हणाले. "आपल्या चार ओळींनी बाजार पाडला. लेखक म्हणून आपण मोठे झालो, मास्तर." आणि हसू संपल्यावर खालच्या आवाजात, "आता काय करायचं रे?" मला त्यांनी अरे केलेले ते पहिले.

संक्रांतीनंतर भातकुलीला शंकरपट भरला. बैलजोड्यांची ही शर्यत म्हणजे आमच्याकडे माणसाची अब्रू. बळीराम पाटलांची जोडी पाच गावांत प्रसिद्ध. तिच्या शिंगांना पितळी टोपणे, अंगावर झूल. सारी पंचक्रोशी लोटली होती. करीमभाईला त्याच्या भावाने गाडीत घालून आणले होते. जोड्या सुटल्या. पाटलांची जोडी निम्म्यापर्यंत पुढे होती. मग डावीकडच्या बैलाचे मागचे पाय ताठले, एकमेकांत अडकले आणि तो बसला. उठवला, पुन्हा बसला. शेपटी पिरगाळली, पाणी मारले. तो पुढचे पाय टेकून लोकांकडे पाहत राहिला.

लोक पुढे सरकले. मागून गाडीतून करीमभाईचा आवाज आला. "डाक्टरसाब! टाच टेकते काय पाहा त्याची!"

डॉक्टर धावत गेले होतेच. गुडघ्यावर बसून बैलाच्या मागच्या पायांचा माग मातीत पाहत होते. कागद काढला, दाबला. जीभ दातांत. मामा डोक्यावर उभे. "आनंदा, वाचव माह्या बैलाले!"

"लाख बंद करा मामा. दुसरा तरी वाचंल."

"आत्ता बंद! आत्ता!"

त्या संध्याकाळी मामांच्या गोठ्यातून लाख हलली. अख्ख्या पंचक्रोशीतल्या गोठ्यांतून हलली. डॉक्टरांनी जे वर्षानुवर्षे सांगितले, कलकत्त्याने छापले, विलायतेने वाखाणले, ते वऱ्हाडाला एका दुपारी पटले. फक्त बैलांपुरते. गोठ्यातली लाख वखारीत आली आणि मजुरीच्या ढिगात मिळाली.

सकाळी मजुरी मापायला सुरुवात झाली तेव्हा डॉक्टर आणि मी वखारीच्या दाराशी होतो. डॉक्टर मामांना पुन्हा एकदा विनवायला आले होते. रांगेत पहिली सगुणाबाई होती, रेच्यावर बसणारी. तिचा नवरा तोवर दोन काठ्यांवर आला होता. तिने पदर पुढे केला नाही.

"पाटील, बैलाची लाख बंद केली म्हनते तुमी?"

"केली ना बाई. बैल बसला माह्या."

"हेच पोते होत काय थे?"

मामांनी मापाऱ्याकडे पाहिले. मापाऱ्याने पायली उचललेली तशीच धरली होती.

"जे तुमच्या बैलाले नाई चालत," सगुणाबाई म्हणाली, "थे माह्या पोराले कावून?"

ती खाली बसली. तिच्या मागची बसली. पाहता पाहता सारी रांग बसली. कोणी घोषणा दिली नाही. मी देणार होतो, डॉक्टरांनी माझा दंड धरला.

त्याच सकाळी मुंबईहून तार आली होती, भाव वाढल्याची. अकोल्याच्या रस्त्याला लागायच्या गाड्या बैल जुंपून उभ्या होत्या. एक दिवस गेला की तो भावही गेला. मामा वखारीच्या दारापासून गाड्यांपर्यंत आणि गाड्यांपासून दारापर्यंत फिरत होते. शेवटी भाच्यापुढे उभे राहिले.

"सांग ना यायले काई तरी. तू डाक्टर हायेस."

"मी काय सांगू मामा," डॉक्टर म्हणाले. "मी सांगितलेलं थे देवाजवळ ठेवलं हाय तुमी."

दुपारी ज्वारी आली. मामांच्या वखारीत लाख पुन्हा मापली गेली नाही. भाव वाढते होते तोवर शेजारच्या दोनतीन मालकांनीही ती बंद केली. बाकीच्यांकडे चालूच राहिली. एवढेच. मी याला विजय म्हटले आणि माझ्या पत्रकाचा काहीच उपयोग झाला नाही याचे दुःखही केले.

"झाला की," डॉक्टर म्हणाले. "पत्रकानं लाख स्वस्त झाली. स्वस्त झाली म्हणून बैलानं पोटभर खाल्ली. बैल बसला म्हणून माणसं बसली. परिणाम असाच होतो, मास्तर. ग्रंथकाराला विचारून होत नाही."

बैलाच्या ठशांवर त्यांनी दुसरा निबंध लिहून कलकत्त्याला पाठवला. तो परत आला. जनावरांविषयीचे लेखन ते छापत नसत. त्याच सुमारास जर्मन प्राध्यापकांचेही पत्र आले. त्यांना आणखी ठसे हवे होते, शक्य तर विकार नुकताच सुरू झालेल्यांचे. डॉक्टरांनी बाजारच्या भाषेत उत्तर लिहिले आणि मला इंग्रजी तपासायला दाखवले: मालाला उठाव आहे हे वाचून समाधान वाटले, परंतु आमच्या वखारीत आवक बंद झाली आहे.

मग त्यांची अकोल्याला बदली झाली. सरकारी नोकराने व्यापारात लक्ष घातले, असे कोणीतरी वर कळवले होते. हुकुमात मात्र प्रकृतिमानास अनुकूल हवा असे कारण होते.

निघण्याच्या दिवशी त्यांची गाडी करीमभाईच्या दाराशी थांबली. मी बरोबर होतो. ओट्यापुढे काळ्या मातीचा पट्टा केलेला होता, चाळलेला, ओला, फळीने सपाट केलेला. करीमभाईची बायको हलिमाबी हात धूत होती.

"जोडे काढा डाक्टरसाब," करीमभाई ओट्यावरून म्हणाला.

डॉक्टरांनी जोडे काढले. सरकारी माणसाचा अंगरखा गोळा करून ते मातीवरून चालत गेले आणि टोकाला जाऊन परीक्षेला बसलेल्या मुलासारखे उभे राहिले. करीमभाई ओट्याच्या कडेपर्यंत सरपटत आला, पोटावर पडून त्याने पावले पाहिली, बराच वेळ.

"टाच टेकते," तो म्हणाला. "उजवी जरा जास्त टेकते. घाई कमी करा."

"औषध?"

"औषध नाई. तुमीच म्हनता ना, नाई म्हून."

डॉक्टरांनी मातीच्या पायांतच जोडे घातले. गाडीत बसले, आणि गाडी अकोल्याच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी एकदाच मागे वळून पाहिले, ते आमच्या पायांकडे.

करीमभाईने हलिमाबीकडून कागद मागून घेतला. ओल्या मातीवर तो अलगद दाबला. त्याची जीभ दातांत आली होती. ठसा नीट उठला. त्याने तो माझ्यापुढे धरला.

"मास्तर, खाली नाव लिवा."

"कोणाचं?"

"ज्याची चाल, त्याचं."